मोत्याचं होकायंत्र

आमच्या चाकणच्या कंपनीच्या गेटवरचे वॉचमन मामा कुत्र्यांना फार मानतात. "जमिनीतलं चुंबक त्यास्नी कळतं. म्हणून कुत्रं उत्तर-दक्षिणच बसतं," असं ते प्रत्येक ट्रकवाल्याला ऐकवतात. कशाला बसतं, हे सांगताना मात्र लाजतात.

परवा सकाळी नव्या शेडचं भूमिपूजन होतं. शेजारच्या लोखंडाच्या ढिगामुळे गुरुजींच्या मोबाइलमधलं होकायंत्र गरगरायला लागलं. पूर्व सापडेना. मामा लगेच गेटवरच्या मोत्याला घेऊन आले.

"थांबा गुरुजी, आत्ता बसंल."

साहेबांसकट आम्ही सगळे हातात फुलं घेऊन मोत्याकडे बघत राहिलो. अर्ध्या तासाने तो बसला. मामांनी टाळी वाजवली.

गुरुजींनी हळूच विचारलं, "उत्तर तोंडाकडे की शेपटीकडे?"

समोरून डोळ्यांत घुसणारं सकाळचं ऊन हाताने अडवत मामा विचारात पडले. आम्हीही पडलो.