‘हे उमटणार कुठं?’ विचारणाऱ्या मॅडम

प्रा. विमल गायकवाड मॅडमची आणि माझी पहिली ओळख वर्गात झाली नाही. ती झाली प्राचार्यांच्या खोलीत, मी आरोपीसारखी उभी असताना. साठीच्या गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभेल का, असं संपादकांनी विचारलं. मॅडमना शोभेल, एवढं मला ठाऊक आहे.

मी बेंबळीहून धाराशिवला कॉलेजला यायची. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘शंका विचारा’ अशी एक चौकट होती आणि नवी शंका पहिल्या पानावरच्या सरकत्या पट्टीत दिसायची. माझा एक प्रोग्राम काही केल्या चालेना, म्हणून मी तो आख्खाच्या आख्खा त्या चौकटीत चिकटवला. त्याच्या शेवटी ‘इथं स्क्रिप्ट, म्हणजे पान चालवणारा कोड, संपली’ असं ब्राउझरला सांगणारी खूण होती. पट्टी चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आमचा मजकूर जसाच्या तसा ओतला जाई. माझी खूण दिसताच ब्राउझरनं कॉलेजचीच स्क्रिप्ट तिथं संपवली आणि उरलेला कोड पानभर सांडला. नेमके प्रवेशाचे दिवस होते. ‘हॅकिंग झालं’ अशी बोंब उठली आणि माझं नाव कमी करायचं ठरलं.

घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालेलंच होतं. कॉलेज सुटलं असतं तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. माझे वडील, अण्णा, बोलावणं येताच एस.टी.नं आले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, पोरीनं काय मोडलं आसंल तर माफ करा. लई हौसेनं शिकाया लागलीय.”

बिघाड बघायला बोलावलेल्या मॅडम कोपऱ्यातल्या संगणकावर बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, “दादा, हात खाली घ्या. पोरीनं काही मोडलं न्हाय. दाराला कडी आम्हीच लावली नव्हती.” मग संकेतस्थळाच्या चाचणीच्या प्रतीत त्यांनी माझाच मजकूर स्वतःच्या नावानं टाकला. तेही पान विस्कटलं. “सर, आता माझंही नाव कमी करा,” त्या प्राचार्यांना म्हणाल्या. प्राचार्य हसले नाहीत, पण विषय तिथंच मिटला.

कार्यालयातल्या एकानं तोडगा सुचवला, की असली चिन्हं लिहायलाच बंदी घालू. मॅडम उसळल्या. “मग संगणकाच्या पोरांनी शंका विचारायची कशी? लिहिलेलं जसंच्या तसं जपा, दाखवताना सांभाळा!” स्क्रिप्टमध्ये जाणाऱ्या मजकुरातल्या धोक्याच्या चिन्हांना ब्राउझर नुसती अक्षरं समजेल, असं रूप त्यांनी त्याच दिवशी देऊन टाकलं. यालाच एस्केप करणं म्हणतात, हे मी अण्णांच्या शेजारी उभी राहून शिकले.

पुढं त्या आम्हाला शिकवायला आल्या. कोणीही कोड दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “हे उमटणार कुठं?” पानाच्या मजकुरात चालणारा बंदोबस्त स्क्रिप्टच्या पोटात पुरत नाही, हे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. जमेल तिथं परका मजकूर स्क्रिप्टमध्ये घालूच नये, हा त्यांचा आग्रह. आम्ही पाठीमागं त्यांच्या प्रश्नाची नक्कल करायचो. आज मी स्वतः संकेतस्थळं बनवते आणि तोच प्रश्न माझ्या सहकाऱ्यांना नको होईस्तोवर विचारते.

मॅडमचा स्वभाव गोड आहे असं लिहिलं तर त्याच रागावतील. त्या तडकतात, आणि तडकल्या की चहा निवून जातो. पण बेंबळीची शेवटची गाडी येईपर्यंत आम्हा मुलींसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवून त्या स्वतः बसून राहत. बाहेरून आलेल्या प्रत्येक अक्षरावर संशय घ्यायला शिकवणाऱ्या या बाईंनी बाहेरून आलेल्या माणसावर मात्र कधी संशय घेतला नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, याचा मी अजून विचार करते. मला ते अर्धंच जमतं.

या ग्रंथासोबत आम्ही इंटरनेटवर शुभेच्छांचं एक पान केलं आहे. पहिली शुभेच्छा म्हणून मी माझा तोच जुना, न चालणारा प्रोग्राम चिकटवला, शेवटच्या खुणेसकट. तो जसाच्या तसा उमटला, पान जागचं हललं नाही. थोड्या वेळानं खाली मॅडमचं उत्तर आलं: “तिसऱ्या ओळीत चूक आहे. त्या दिवशीच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं.”

वाचून मला रडू आलं. मॅडम, आमच्या पुष्कळ शंका अजून बाकी आहेत. त्या संपेपर्यंत तुम्ही अशाच ठणठणीत राहा, आणि आम्ही त्या लवकर संपू देणार नाही.