रुमालातला फौजदार

खुनाच्या कादंबऱ्या हलक्या असतात असं कोणी म्हणालं की मी त्याला एकच विचारते, शेवटची पुरी वाचलेली कोणती? बहुतेकांची तिथेच पंचाईत होते. न वाचता नाक मुरडणाऱ्यांना तोटा नाही, आणि त्यातले निम्मे माझ्याच घरी जेवायला येतात. मागच्या दिवाळीत आमचे जावईबापू माझ्या कपाटाकडे पाहून म्हणाले, "हे रिकामटेकड्यांचं वाचन." मी त्यांना जिलबी वाढतच राहिले, पण बोलायचंही थांबले नाही. खुनाची कादंबरी पहिल्या पानावर सांगते की मी तुला खुनी शोधून देईन, आणि शेवटच्या पानावर देते. मोठमोठी नावं मिरवणाऱ्या किती पुस्तकांनी माझ्याशी एवढा सरळ व्यवहार केला? मोजक्याच.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत मला राजांपेक्षा घोडी जास्त पटतात. घोडी दमतात, त्यांना तहान लागते. राजे दोन पानं भाषण ठोकतात आणि पुन्हा स्वार होतात. सुधारणेच्या कादंबऱ्यांवर तर माझा जुना राग आहे. नायिका शिकते, घरच्यांशी भांडते, आणि आता हिचं पुढे काय करावं हे लेखकाला सुचेनासं झालं की तिला क्षय होतो. किती चांगल्या बायका या लोकांनी खोकून खोकून मारल्या. प्रवासवर्णनं मी आवडीने वाचते, मात्र लेखक बायकोला घरी ठेवून हिंडायला गेला असेल तर दर दहा पानांनी मला ती बिचारी आठवते. पाकशास्त्राचं पुस्तकही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं आहे. त्याला कोणी हसलं तर हसू दे.

ही मतं मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. बोथजवळच्या आमच्या गावात, निजामाच्या राज्यात, काकांच्या ओसरीवर शिकले. शिकवणाऱ्या बायांपैकी एकीलाही अक्षर ओळखता येत नव्हतं.

वडील गेल्यावर आई आणि मी काकांकडे राहायला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. काका बोथच्या कचेरीत पेशकार, साहेबापुढे कागद मांडणारे. सारं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे उर्दू कागद ते पाण्यासारखा वाचत, पण मराठी वाचायला बसले की एकेक अक्षर जोडत बसायचे. घरी उर्दूतले जादूगारांचे आणि शहजाद्यांचे जाड किस्से वाचायचे आणि त्याला इल्म, म्हणजे विद्या, म्हणायचे. माझ्याकडे मात्र एक पत्र्याची पेटी होती, मामाने पैनगंगेपलीकडून बैलगाडीत घालून दिलेली. आत सतरा मराठी कादंबऱ्या. नदीवरच्या नाक्यावर गाडीवाल्याला दहा प्रश्न विचारून ती पेटी सोडली होती, आणि तेवढ्याने काकांची झोप उडाली होती. इंग्रजांच्या हद्दीतली पुस्तकं सरकारी माणसाच्या घरात, हे कोणी वर कळवलं तर काय घ्या.

"पोथी वाचायची तर वाच," काकांनी मला बजावलं. "कादंबरी हातात दिसली तर पेटी बंबात जाईल."

आमच्या न्हाणीघरातला बंब काहीही खायचा. मी पेटी धान्याच्या कणगीमागे सरकवली आणि चूप बसले. अर्थात चूप बसणं मला कधी फार दिवस जमलेलं नाही.

श्रावणात आमच्याकडे पोथी लावतात. चौरंगावर पोथी, तिच्यावर लाल रुमाल, हळदकुंकू, फूल. पाय धुतल्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. वाचणाऱ्याने ओवी म्हणायची आणि मग तिचा अर्थ सोप्या बोलीत सांगायचा. एकदा लावलेली पोथी समाप्तीला न्यायचीच, अर्ध्यात ठेवली तर घरच्या यजमानाला दोष. त्या वर्षी काकांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, म्हणून पोथी तिच्या नावाने लावायची ठरली. काकांना मराठी भराभर वाचता येईना, आई वाचत नव्हती, म्हणून चौरंगासमोर मला बसवलं.

तीन दिवस मी खरी पोथी वाचली. रानात चिखल झाला की तण काढायचं निंदण बंद पडायचं, मग आठदहा बाया दुपारी मूठभर जवारी घेऊन ओसरीवर येत. सगळ्यांच्या पुढे बसायची ती गावची सुईण, पंचक्रोशीतली निम्मी पोरं जिच्या हातावर जन्मली ती. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. आमची पोथी शिवलेली आणि पुठ्ठ्याची होती, आणि माझ्या पेटीतली एक खुनाची कादंबरी बरोबर तेवढीच. मी तिला लाल रुमालात गुंडाळून चौरंगावर ठेवली. एक ओवी तोंडपाठ म्हणायची आणि मग अर्थ म्हणून कादंबरीचं एक प्रकरण वाचायचं. ओवीत देवाने भक्ताला तारलं, आणि अर्थ सांगताना विहिरीत सावकाराचं प्रेत सापडलं, मग तपासाला फौजदार आला. बायांनी हूं की चूं केलं नाही. उठताना एकेकीने पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि पाया पडून गेल्या. भोळ्या आहेत, मला वाटलं, आणि माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

काका संध्याकाळी कचेरीतून येत, शेरवानी खुंटीला लावत, पाय धुऊन चौरंगापाशी जात आणि कपाळ टेकवत. आठ दिवस त्यांनी त्या फौजदाराला नमस्कार केला. मी दारामागे उभी राहून पाहायची आणि मला हसू दाबता यायचं नाही.

बायांनी मला तेव्हा वाचायला शिकवलं. म्हणजे अक्षरं नव्हे. सहाव्या दिवशी सुईण मध्येच म्हणाली, "थांब व पोरी. तीन दिवस झाले, त्या घरी चूल काऊन पेटली नाही? मुडदा पडला म्हणून जित्या मान्सायनं खाऊ नाही काय?" मी पानं मागे उलटून पाहिली. खरंच, त्या घरात कोणी जेवलंच नव्हतं. लेखक विसरला होता. तेव्हापासून मी कोणत्याही कादंबरीत आधी चूल शोधते. ती सापडली नाही तर लेखकाची भाषा कितीही गोड असो, माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. दुसरी एक बाई म्हणाली, "भर पावसात सावकाराच्या दिवाणजीचं धोतर कोरडं कसं?" आणि सगळ्याजणी दिवाणजीच्या मागे लागल्या. मोठे टीकाकार मी पुढे पुष्कळ वाचले, पण धोतर कोणी तपासत नाही.

बाराव्या दिवशी सरकारच्या कसल्याशा खुशीची कचेरीला अचानक सुट्टी मिळाली. काका माजघरात पडले होते. झोपले असतील असं धरून मी ओवी म्हटली आणि पुढे वाचू लागले.

"पोथीत फौजदार काऊन आला?" काका दारात उभे होते.

त्यांनी पुस्तक उचललं, रुमाल बाजूला केला आणि नाव अक्षर अक्षर जोडून वाचलं. वाचून होईतो त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळू आवाजात बोलले, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

"पेटी आण. आजचं पाणी तिच्यावरच तापवतो."

सतरा पुस्तकं. त्यातली नऊ मी अजून उघडलीही नव्हती. मी जागची हलले नाही. माझी नजर कणगीकडे गेली तसे काका स्वतः तिकडे वळले, पुस्तक हातातच होतं.

"साहेब," सुईण बसल्या जागेवरून म्हणाली, "पाय धुतले काय तुमी?"

काका थांबले.

"पाय न धुता पोथीले हात लावला तुमी. ठेवा ते खाली."

"ही पोथी नाही. कादंबरी हाय ही. या पोरीनं तुमाले फसवलं."

"आमाले कोण फसवते? पह्यल्याच दिवशी समजलं." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "देवाची पोथी मी चाळीस वर्षं ऐकून राह्यली. तिच्यात कोणी विहिरीत वाकून पाहत नाही. पण आमी हिले हळदकुंकू वाह्यलं. तुमी बी रोज पाया पडले. लेकीच्या नावानं लावलेली हाय ही, साहेब. अर्ध्यात ठेवता तर ठेवा. मंग लेकीच्या येळेले मले बोलावू नोका."

मी खाली मान घातली. आठ दिवस मी ज्यांना भोळ्या म्हणत होते त्या मला आठ दिवस सांभाळून घेत होत्या. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

माजघरातून काकांच्या लेकीचा आवाज आला. "बाबा, वाचू द्या तिले. दिवाणजीनंच मारलं की नाही ते मले समजू द्या."

काकांनी पुस्तक चौरंगावर ठेवलं. मग अंगणात जाऊन पाय धुतले, परत येऊन रुमाल नीट केला आणि आमच्याकडे पाठ करून खांबाशी सुपारी कातरत बसले. "वाच," एवढंच म्हणाले. मी ओवी म्हटली आणि जिथे थांबले होते तिथून वाचू लागले. फौजदार बोलू लागला की काकांचा अडकित्ता थांबायचा.

समाप्ती व्हायला आणखी चार दिवस लागले. ते चारही दिवस काका कचेरीतून लवकर आले. खून दिवाणजीनेच केला होता. कोरड्या धोतराचा उल्लेख मात्र लेखकाने शेवटपर्यंत केला नाही, म्हणून बायांनी त्याला नावं ठेवली.

शेवटच्या दिवशी काकांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि यजमान दर वर्षी विचारतो तसं सगळ्यांसमोर विचारलं, "पुढची कोणती लावायची?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मग आपण काय कबूल करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. बाया त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. मी उठले, कणगीमागची पेटी ओढत ओसरीवर आणली आणि काकांच्या समोर झाकण उघडलं. सुईण पुढे सरकून आत पाहू लागली. काकांचा हात पेटीच्या कडेवर आला.

"माहे पाय धुतलेले हायेत, काका," मी म्हणाले, आणि वरचं पुस्तक उचललं.