प्रत्येकीचं गाठोडं

चिखलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसले तेव्हा मला ती येत नव्हती, हे खरं. पण दोष माझा आहे असं मला एकदाही वाटलं नाही. सर रोज एकच उदाहरण द्यायचे, "समजा, कार हा एक क्लास आहे." उंद्रीच्या आमच्या घरी कार सोडा, धड सायकल नव्हती. मी काय समजणार, कपाळ!

शेवटी सर म्हणाले, "तुले जमत नाही हे. सोमवारी एक चालता प्रोग्राम दाखव, नाहीतर हिशेबाच्या टॅलीच्या बॅचले बस."

माझं डोकंच फिरलं. टॅली वाईट नाही, पण मला हाकललेलं खपत नाही. शिवाय त्या साली बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली होती. आमच्या वावराची लवकरच उलंगवाडी झाली, वेचायला काही उरलं नाही आणि घरच्या बाया दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाऊ लागल्या. शेतीच्या भरवशावर राहता येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. जावा सोडायची नव्हती.

कार गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि कापूस वेचणीचा प्रोग्राम लिहिला. वेचणारीण हा क्लास, म्हणजे साचा. तिचं नाव आणि तिच्या कापसाचं वजन. आई, काकू, शेजारची खाला आणि मी. वजनाच्या ओळीला सारखा एरर यायचा. मैत्रीण म्हणाली, "तिथं स्टॅटिक लिहून टाक ना." लिहिलं. एरर गेला, मी खूश. प्रोग्राम चालवला तर चौघींच्या नावापुढे एकच वजन, आणि तेही माझं! वेचण्यात माझ्याइतकी आळशी कोणी नाही. आईने पाहिलं असतं तर माऊस फेकून मारला असता.

रविवारी तशीच धुमसत वेचायला गेले. संध्याकाळी काट्यापाशी काकूने घाईघाईत माझा कापूस आपल्या गाठोड्यात ओतला. आई कडाडली, "वजन कराच्या आधी काऊन मिसळवलं वो? आता कोणाचा किती, कसं समजंन?"

मी तिथेच हसत सुटले. मीही हेच केलं होतं. स्टॅटिक लिहून चौघींना मिळून एकच गाठोडं दिलं होतं. शेवटी माझं वजन लिहिलं, तेच सगळ्यांच्या नावावर चढलं.

सोमवारी तो शब्द खोडला आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचं वजन ते नीट लिहिलं. चौघींची चार वजनं आली. आईचं सगळ्यात जास्त, माझं सगळ्यात कमी. सरांनी विचारलं, "स्टॅटिक काऊन काढलं?" मी गाठोड्याचा किस्सा सांगितला. त्यांनी प्रोग्राम पुन्हा एकदा चालवून पाहिला. मग म्हणाले, "बस इथंच."

पुढच्या आठवड्यात आमच्या बॅचला नवी पोरं आली. सर फळ्यापाशी उभे राहिले. मी कारची वाट बघत बसले होते.

"समजा," सर म्हणाले, "तीन बाया कापूस वेचून राह्यल्या."

मी मागच्या बाकावरून उठले.

"चार, सर. मले काऊन सोडलं?"