खुल्या गटातले साडू

पनवेल तालुक्यातले रस्ते सरकारने बांधले, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. आमच्या साडूंना पाच मिनिटं जरी ओळखलंत तरी तुमची खात्री पटेल, की हे रस्ते त्यांच्या सायकलखाली आपोआप पडत गेले आणि सरकारने मागाहून फक्त डांबर ओतलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातंच मुळात गमतीचं. त्यात रक्ताचा संबंध नाही की मैत्रीची सक्ती नाही. दोन पुरुष एकाच घरचे जावई झाले, एवढाच काय तो दुवा. पण या गृहस्थाने तो दुवा असा घट्ट करून ठेवला, की सख्खा भाऊ नसल्याचं मला कधी जाणवलंच नाही.

साडू तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते आणि राहायला नवीन पनवेलात, सिडकोच्या दोन खोल्यांत. कंपनीची बस अगदी दाराशी यायची. साडू जन्मात तिच्यात बसले नाहीत. ड्रायव्हर सुरुवातीला त्यांच्यासाठी हॉर्न वाजवायचा, पुढे नुसता हात करायला लागला आणि शेवटी शेवटी तर बस आणि साडू यांची रोज कळंबोलीपर्यंत शर्यत लागायची, आणि बसमधले लोकच खिडकीतून साडूंच्या बाजूने ओरडायचे. ते नव्वदीच्या आसपासचे दिवस. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागली की अख्खं पनवेल दारं लावून आत बसायचं आणि रस्त्यावर काळं कुत्रं दिसायचं नाही. साडूंचा सराव नेमका त्या वेळी. साऱ्या देशाने डोळ्यांत पाणी आणून पाहिलेली ती लढाई संपून महिना झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "साडूभाऊ, शेवटी कोण जिंकलं हो?"

त्यांची सायकल म्हणजे साधी, काळी, दूधवाल्याची असते तशी. तिला मडगार्ड होतं, चेनकव्हर होतं, डायनामो होता, स्टँड होता आणि मागे कॅरिअरही होतं. शर्यतीपुरतं तरी हे सामान उतरवा, असं मी एकदा सुचवलं. "सायकल कशी पूर्ण असावी," ते म्हणाले, "मुंडावळ्या जड होतात म्हणून नवरदेव त्या काढून बोहल्यावर उभा राहतो का?" जगाकडेही ते सायकलवरूनच बघत. गावं त्यांना नावाने आठवत नसत, चढउतारांनी आठवत. आमच्या पुतणीला एक स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा, पगार, घर सगळं बघून आल्यावर त्यांनी मत दिलं, "स्थळ उत्तम. पण घराकडचा शेवटचा चढ वाईट आहे. पोरगी माहेरी येईल सुखाने, परत जायचं नाव काढणार नाही." खाण्यापिण्याचंही तेच. शक्ती रताळ्यात असते, यावर त्यांची श्रद्धा होती. माझ्या मॅनेजरच्या मुलीच्या लग्नात, बासुंदीच्या पंगतीत, त्यांनी कोटाच्या खिशातून उकडलेलं रताळं काढून सोलायला घेतलं, तेव्हा मी समोरच्या पाहुण्यांना आमचं नातं सांगितलं नाही.

दिवाळीचे कंदील उतरले की त्यांचा मोसम सुरू व्हायचा आणि होळीला संपायचा. तेव्हा तालुक्यात कुठलंही तरुण मंडळ उठायचं आणि सायकल शर्यत भरवायचं. पहिल्या तिघांना ढाल नाहीतर हंडा आणि त्यानंतरच्या दोघातिघांना उत्तेजनार्थ म्हणून स्टीलची वाटी. साडूंना उत्तेजनाची कधी कमतरता पडली नाही. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, स्वयंपाकघरात सगळ्या वाट्या त्याच. आमटी संपत आली की बुडाशी कोरलेलं 'उत्तेजनार्थ' दिसू लागायचं आणि माणसाला आपोआप आणखी आमटी मागावीशी वाटायची.

बरं, पायांत जोर नव्हता म्हणावं तर तसंही नाही. जोर भरपूर होता. आड यायचा तो त्यांचा सभ्यपणा. कुणालाही मागे टाकण्यापूर्वी साडू घंटी वाजवत. नुसती वाजवून थांबत नसत, पुढचा बाजू देईपर्यंत वाट बघत. न सांगता मागून पुढे जाणं म्हणजे, त्यांच्या मते, कुणाच्या घरात न विचारता शिरणं. आता भर शर्यतीत मागून घंटी वाजली तर पुढचा माणूस काय करेल? तो जीव तोडून पायडल मारेल. थोडक्यात, साडू घंटी वाजवून वाजवून सगळ्यांचा वेग वाढवत आणि स्वतः उत्तेजनार्थ येत.

त्या वर्षी मात्र मोसमाच्या तोंडावर सगळ्या मंडळांनी मिळून एक ठराव केला. पुढच्या वर्षापासून पंचेचाळिशी गाठलेल्यांना खुल्या गटात प्रवेश नाही. त्यांचा वेगळा 'प्रौढ गट', मैदानालाच दोन फेऱ्या आणि शेवटी हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्यांना एकेक नारळ. साडूंना येत्या पावसाळ्यात पंचेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती. बातमी कळली त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "साडूभाऊ, मला एकदाच खुल्या गटात पहिला नंबर पाहिजे. दुसरा आला तर मी घेणार नाही." इतकी वर्षं थट्टेवारी नेलेल्या या माणसाला मनातून काय हवं होतं, ते मला त्या दिवशी प्रथम कळलं. मी माझी स्कूटर, पाण्याची बाटली आणि पिशवीभर रताळी घेऊन त्यांचा मदतनीस झालो.

पहिली शर्यत विचुंब्याची. शेवटच्या टप्प्यात साडू तिसरे होते आणि त्यांना दमही लागलेला नव्हता. त्यांनी घंटी वाजवली. पुढच्या पोराने मागे बघून सांगितलं, "काका, किती पन वाजवा, आमी बाजू देनार नाय." साडू त्याच्या मागे तसेच राहिले आणि दोघांना मागून येणाऱ्यांनी न विचारता ओलांडलं. मग उरण रस्त्यावरची शर्यत. खाडीचा वारा समोरून, तरी साडू पहिल्या चौघांत. तेवढ्यात जासईच्या अलीकडे मासळीची टोपली घेऊन उभ्या असलेल्या एका कोळीणबाईंनी हात केला. त्या बिचारीचा काय दोष? कॅरिअर लावलेली सायकल शर्यतीत असेल असं कुणाला वाटेल? साडू थांबले, खाली उतरले आणि आपण शर्यतीत असल्यामुळे त्यांना सोडू शकत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगू लागले. बाई ऐकून घेत म्हणाल्या, "मंग जा ना दादा, हितं कशाला बोलत उबा रायलास?" ती शर्यतही गेली.

कोन गावच्या शर्यतीत मात्र साडू खरोखर जिंकत होते. पुढे एकटेच होते, त्यामुळे घंटीचा प्रश्न नव्हता. पण शेवटच्या वळणावर त्यांनी वाहतुकीच्या नियमाप्रमाणे उजवा हात बाहेर काढून इशारा दिला आणि तेवढ्यात मागचा पोरगा अर्ध्या चाकाने पुढे निघून गेला. दुसरं बक्षीस त्यांनी शब्दाला जागून परत केलं. अध्यक्ष घेईनात, साडू ठेवीनात. शेवटी ती ढाल कोनच्या पारावर ठेवून आम्ही निघालो. त्या दिवशी ताईंनी मला जिन्यात गाठलं. नवऱ्याच्या सायकलबद्दल त्या कधी बरंवाईट बोलल्या नव्हत्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "एकदा जिंकू देत हो हे. मला हंडा नको, काही नको. यांचं तोंड बघवत नाही." मी हो म्हणालो, जणू काही जिंकवणं माझ्या हातात होतं.

मोसमातली शेवटची शर्यत नेऱ्याला, गावदेवीच्या जत्रेत. नेऱ्याच्या शाळेपासून निघायचं, सुकापूरहून वळायचं आणि पुन्हा शाळेशी यायचं. इथे मंडळाने एक कारभार केला होता. लाउडस्पीकर एकाच दिवसासाठी भाड्याने आणलेला, म्हणून त्यांनी पालखी आणि शर्यत एकाच सकाळी ठेवली. सायकली परत येईतो पालखी रस्त्यावरून आत वळलेली असेल, असा हिशेब. पण पालखी कुठे हिशेबाने चालते? दारोदार बाया ओटी भरायला उभ्या, प्रत्येक दारात आरती. शर्यत परतली तेव्हा पालखी गावाच्या तोंडाशी, भर रस्त्यात, सगळा रस्ता व्यापून सावकाश डुलत चालली होती. शाळा तिच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर.

पुढचे तिघे नेऱ्याचेच. आपल्या गावदेवीला सायकलवरून मागे टाकण्याची त्यांची काय छाती होती? तिघेही उतरले, बूट काढून बाजूला ठेवले आणि हात जोडून पालखीच्या मागे उभे राहिले. पुढे जाता येईना, मागे तर जायचंच नव्हतं. इतक्यात साडू येऊन पोचले, बरेच मागे पडलेले. तेही उतरले, बूट काढले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी घंटी वाजवली.

मी कपाळावर हात मारला. ताशा थांबला. पालखीपुढे चालणारे म्हातारे मानकरी वळून म्हणाले, "कोन हाय रं?"

"मी," साडू म्हणाले. "शर्यत चाललीय. बाजू मिळाली तर पुढे जाईन म्हणतो."

"माना काय इचारतंस? आईला इचार."

साडूंनी सायकल एका हाताने धरून दुसरा हात छातीशी नेला, डोळे मिटले आणि खरोखर विचारलं. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. मानकरी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भोयांना खूण केली, पालखी एका अंगाला झाली आणि ते म्हणाले, "जा. आन पोरांनू, तुमी पन जा. तुमाला कोनी आडवला व्हता? इचारलाच नाय तुमी."

वाट चौघांना एकाच वेळी मिळाली होती. तिघे पोरगे बूट घालायला धावले. खाली बसून नाड्या बांधायच्या, नाड्यांच्या गाठी बसलेल्या. साडूंना बुटांची आठवणच राहिली नाही. पंचेचाळिशीला आलेला तो गृहस्थ अनवाणी सायकलवर चढला आणि सुटला. पोरं निघाली तेव्हा साडू चांगले पुढे होते, पण पोरांचे पाय विशीतले होते. बघता बघता ती जवळ आली. मी स्कूटर टाकून धावत होतो आणि ओरडत होतो, काय ओरडत होतो देव जाणे. कॅरिअर खडखडत होतं, मडगार्ड वाजत होतं, अनवाणी टाचा वरखाली होत होत्या. शाळेच्या फाटकाशी बांधलेली फीत साडूंच्या छातीला लागली तेव्हा पहिला पोरगा त्यांच्या मागच्या चाकाशी होता.

लगेच वाद झाला, होणारच. पालखी ओलांडली हे चालतं का, कुणाला किती मागे ठेवलं, वगैरे. मंडळाचे लोक डोकं खाजवत असताना तो दुसरा आलेला पोरगाच पुढे झाला. "आमाला पन वाट व्हती," तो म्हणाला, "आमी बूट घालत बसलो. काका पयले हायत." मग मात्र जत्रेने साडूंना ताब्यात घेतलं. बायांनी ओवाळलं, कुणीतरी डोक्यावर गुलालाचं ताट उपडं केलं आणि त्या भाड्याच्या लाउडस्पीकरवरून साडूंचं नाव इतक्यांदा पुकारलं गेलं, की माथेरानपर्यंत ऐकू गेलं असावं. पितळी हंडा कॅरिअरला बांधून साडू अनवाणीच नवीन पनवेलात शिरले. कॉलनीतल्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. ताई खाली येऊन उभ्या होत्या. त्यांनी हंड्याकडे पाहिलंच नाही. पदराने नवऱ्याच्या पापण्यांवरचा गुलाल पुसत राहिल्या. मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका माझ्या स्वतःच्या बढतीच्या दिवशी झाला नव्हता, हे मी बायकोसमोरसुद्धा कबूल केलं आहे.

पुढच्या हिवाळ्यात नेऱ्याच्या मंडळाने साडूंना पंच म्हणून बोलावलं. प्रौढ गटात नाव घालायला त्यांनी नकार दिला होता. सायकलही आणली नाही, माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. शर्यत झाली, त्यांनी फीत धरली, जिंकलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारली, सगळं हसतमुखाने केलं. परतताना गावाबाहेर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून स्कूटर थांबवायला सांगितली. उतरले आणि मागे वळून शाळेकडे जाणाऱ्या त्या सरळ रस्त्याकडे बघत राहिले. पलीकडे प्रबळगड उन्हात स्वच्छ दिसत होता.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी याच रस्त्याने आलो, पण दर वेळी पुढे कुणाची तरी पाठ. मला या तालुक्यातल्या सगळ्या पोरांच्या पाठी ओळखू येतात. त्या दिवशी पालखी बाजूला झाली आणि पुढे कुणीच नाही. नुसता रस्ता, आणि त्याच्या टोकाला हा डोंगर. हा इथून इतका मोठा दिसतो, हे मला ठाऊकच नव्हतं."

ते येऊन मागे बसले. घरी पोचेपर्यंत मी स्कूटर अगदी हळू चालवली. दोन-तीन सायकलवाले घंटी न वाजवता आम्हाला मागे टाकून गेले, पण आरशात पाहिलं तर साडू मागे वळून डोंगराकडेच बघत होते.