न पाहिलेल्या घराचा पंचनामा

मंडळी, आज सकाळी हरवलेल्या मोबाइलची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलो होतो. तिथे हवालदारांनी पंच म्हणून सही मागितली. शिरोलीच्या एका फौंड्री कामगाराच्या घरात चोरीची तांब्याची तार सापडल्याचा पंचनामा छापून तयार होता.

“पण मी तर या कामगाराचं घरही पाहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“पावणं, कॉम्प्युटरवर काढलाय, चुकतोय व्हय? करा की सही!”

बाकावर बसलेला तो कामगार म्हणाला, “सायेब, आधी घर बघून तर या.”

मी सही केली नाही. “दुसरा पंच घावंल,” हवालदार हसून म्हणाले.

परतताना आठवलं, दोन वर्षांपूर्वी असाच एक पंचनामा मी न वाचता सही करून दिला होता. तो कोणाच्या घराचा होता, हे आता कुणाला विचारू?