कोणी सांगितलं?

“कोणी सांगितलं? आधी ते सांग! कोणी सांगितलं?” गुडीहत्नूरच्या बस थांब्यावर मी असा ओरडलो, की हायवेवरच्या लॉऱ्यांनी ब्रेक मारले आणि चहावाल्याचं उतू चाललेलं दूध भीतीनं खाली बसलं. फोनवर पलीकडे माझी बायको रडत होती. “ग्रुपवर आलं जी... सुलोचनाक्का गेल्या म्हणून.” “पण टाकलं कोणी?” ती नाक ओढत म्हणाली, “अक्कानंच टाकलं दिसते...”

आता अक्का बरंच काही करू शकायची, पण स्वतःच्या मरणाची बातमी देणं तिलाही जमलं नसतं. मी ग्रुप उघडला. खरंच तिच्या नंबरावरून एक ओळ होती: ‘सुलोचना आज सकाळी गेली.’ आणि खाली नार्नूरपासून मावल्यापर्यंतच्या माणसांची रांग. ‘कोणी सांगितलं?’ ‘सांगणाऱ्याचं नाव लिहा.’ ‘कोणी सांगितलं, बाई?’ एका मास्तरानं तर फोन चोरीला गेल्याचं परस्पर ठरवून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धारही उरकला होता. शेवटी त्याच नंबरावरून उत्तर आलं: ‘मी सांगून राह्यलो. देवराव. नवरा.’

बाहेरच्याला हे निर्दयपणाचं वाटेल. पण तो अक्काचाच नियम होता. कोणतीही माहिती टाका, खाली सांगणाऱ्याचं नाव पाहिजे. आम्ही सगळ्यांनी तो एकाच वेळी पाळला, असा तो पहिलाच दिवस, आणि तो पाहायला ती नव्हती...

अक्का माझी चुलत बहीण. आमचे आजे दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायचे. ती शिकली आणि नार्नूरकडच्या एका खेड्यात मराठी शाळेची बाई झाली. तिच्या मागं मागं मीही मास्तर झालो. फरक एवढाच, की तिला ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाज वाटत नसे आणि मी ते वाक्य जन्मात उच्चारलं नव्हतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला चंद्राचं वजन विचारलं. मी म्हणालो, “पौर्णिमेचं सांगू का अमावस्येचं?” साहेब अजून विचार करत असतील.

करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा अक्कानं कुठलासा ऑनलाइन अभ्यासक्रम धरला. घरात नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचं, म्हणून तिनं परकराच्या नाडीनं फोन खिडकीच्या गजाला बांधला आणि भाकरी थापता थापता शिकली. त्यात कनेक्टिव्हिझम नावाचा सिद्धांत होता. मला फोन करून म्हणे, “बापू, ज्ञान एकाच्या डोक्यात राहत नाही म्हणतात. माणसं एकमेकांशी जोडली, की त्या जोडणीत राहते. कोणाले काय विचारायचं हे समजणं, हेच शिकणं.” मी म्हटलं, “मंग माह्या डोक्यात काय आहे?” “म्हैस,” ती म्हणाली. “रस्त्यात बसलेली.”

त्यातूनच तो ग्रुप निघाला. पोरं, त्यांचे आईबाप, मास्तर, नर्सबाई, वायरमन, हैद्राबादला शिकणाऱ्या मुली, तेलुगु शाळेतले दोन सर. पोरांनी काहीही विचारावं. अक्का दरवेळी एकच लिहायची: ‘मला माहीत नाही. कोणाला माहीत आहे?’ एकदा एका पोरानं विचारलं, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून काऊन येते? मी डोळ्याचं पातं लवायच्या आत निबंध टाकला. अक्कानं तो तितक्याच चपळाईनं डिलीट केला. मी तणतणत फोन लावला. “उत्तर बरोबर होतं, अक्का!”

“म्हणूनच काढलं. तू बोलला की बाकीचे तोंड उघडत नाहीत, बापू.”

पुढं ती आजारी पडली. दुखणं वाढलं तशी तिनं खाट त्या खिडकीखाली ओढून घेतली. शेवटचा भेटलो तेव्हा हात उशीएवढा हलका झाला होता. म्हणाली, “मी गेल्यावर ग्रुपात नुसते हारफुलांचे फोटो आले, तर समज, मी काहीच नाही शिकवलं. पोरांनी विचारणं बंद नाही झालं पाहिजे... बस.”

आणि नेमके हारफुलांचे फोटोच आले. मेणबत्त्या, जोडलेले हात, गुलाब. आठवडे गेले, प्रश्न एकही नाही. मी मनात म्हटलं, संपलं अक्काचं जाळं. आता आपणच मधे बसावं, रोज एक ज्ञानाची गोष्ट टाकावी. हे सांगायला म्हणून परवा तिच्या घरी गेलो. देवरावभाऊजींनी चहा ठेवला. फोन तसाच गजाला, नाडीही तीच. भाऊजी रोज तो चार्ज करून पुन्हा बांधतात.

चहा उकळत होता, तेवढ्यात फोन वाजला. सातवीतल्या वंदनानं लिहिलं होतं: ‘बाई, कापसाचं फूल आज पिवळं असते अन् उद्या गुलाबी काऊन होते?’ बाई नाहीत हे तिला ठाऊक होतं. स्मशानात ती माझ्या शेजारी उभी होती. तरी तिनं ‘बाई’च लिहिलं होतं... माझी बोटं शिवशिवली. मी फोनकडे झेपावलो. “सरका,” भाऊजी म्हणाले, नाडी सोडून त्यांनी फोन हातात घेतला आणि एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून, बैलगाडीच्या चालीनं लिहू लागले: ‘मला माहीत नाही. कोणाला माहीत आहे?’

चहा उकळून अर्धा झाला. मग वायरमननं लिहिलं, ‘परागकण बसले की रंग बदलते. माझ्या बापानं सांगितलं.’ हैद्राबादच्या मुलीनं लिहिलं, ‘आमच्या मॅडमला विचारून सांगते.’ तेलुगु सरांनी बोलून पाठवलं, नर्सबाईंनी त्याचं मराठी केलं. मग एका आईनं दोन फुलांचा फोटो टाकला. त्यावर वंदनाचा दुसरा प्रश्न आला. मला त्या खिडकीतून पैनगंगेचा पूर आत आल्यासारखं झालं. डोळे पुसायला परकराची नाडी पुरली नसती.

जरा सावरल्यावर मी म्हटलं, “भाऊजी, तुमचं बालपण कापसाच्या रानात गेलं. तुमाले तर हे माहीत असन न?”

“आहे.”

“मंग माहीत नाही असं काऊन लिहिलं?”

भाऊजींनी फोन गजाला बांधला. गाठ ओढून पाहिली.

“फोन तिचा आहे,” ते म्हणाले.