हात भरला की पस्तीस

आमच्या मोठ्या जाऊबाईंना मोजायला मी शिकवलं, आणि तेव्हापासून त्यांना मोजता येईनासं झालं.

सुमनबाई तीस वर्षांपासून तेंदूपत्त्याचे पुडके बांधतात. एका पुडक्यात सत्तर पानं: पस्तीस खाली, पस्तीस त्यांच्यावर उलटी, वर सालीच्या दोरीची गाठ. पहाटे जंगलातून तोडून आणलेली पानं दुपारभर अंगणातल्या मांडवात बांधायची आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाच्या तेंदू केंद्रावर, नेऊन द्यायची. बांधताना बाई टीव्हीवरच्या सासूला शिव्या देतात, बकरी हाकलतात, मोबाइलवर लेकीशी भांडतात. हात मात्र बरोबर पस्तिसाव्या पानाला थांबतो. थांबायचा.

मी आरमोरीत एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माझ्याकडे प्रत्येक कामाची यादी असते. (याद्यांचीही एक यादी आहे. ती फ्रीजवर चिकटवलेली असते.) गेल्या वर्षी मे महिन्यात सुटीत गावी गेले आणि हौसेनं पुडके बांधायला बसले. पहिल्यात एकसष्ट पानं निघाली, दुसऱ्यात एकोणऐंशी.

"बेरीज तं बरोबर हाये," बाईंचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, म्हणाले.

मग मी पद्धत बसवली. पाच-पाच पानांचे सात गट, प्रत्येक गटाला मनात आकडा, सात झाले की पुडकं उलटायचं. तीन दिवसांत माझी चूक बंद झाली. माझं एक पुडकं होईपर्यंत बाईंचे सहा व्हायचे, ही गोष्ट मी यादीत घेतली नव्हती.

त्याच आठवड्यात ग्रामसभेनं ठरवलं, की पुढच्या हंगामापासून फळीवर पुडके तपासायला गावातलीच एक बाई बसवायची. काम सावलीतलं, जंगलात जाणं बंद. सुमनबाईंचे गुडघे कामातून गेलेले, आणि त्यांच्या रोजच्या वाटेवर त्या उन्हाळ्यात वाघाचे पंजे उमटत होते. ही जागा त्यांना मिळायलाच हवी होती. परीक्षा सरळ होती: येत्या रविवारी सगळ्यांसमोर दहा पुडके बांधायचे. जिचे बिनचूक आणि सगळ्यांत आधी होतील, तिला जागा.

बाईच जिंकणार, असं सगळं गाव म्हणालं आणि आपापल्या कामाला लागलं. मी बाईंच्या कामाला लागले.

"बाई, पस्तीस झाले हे तुमाले कसं समजते?"

"हाताले समजते."

"अन् परीक्षेत हात चुकला तं?"

"आतापावतर चुकला का?"

"म्हणूनच म्हणते. आता चुकला तं?"

हा प्रश्न तेव्हा मला फार शहाणपणाचा वाटला. बाईंचा हात हवेतच राहिला. तीस वर्षांत त्यांनी हाताला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, आणि हाताकडे उत्तर नव्हतं.

मी नऊ मुद्द्यांची यादी करून मांडवाच्या खांबाला लावली. दुसऱ्या दिवशी बाईंचे ओठ हलायला लागले. तिसऱ्या दिवशी टीव्ही बंद. (मुद्दा चौथा.) चौथ्या दिवशी लेकीचा फोन माझ्या मोबाइलवर आला: "काकू, आईची तब्येत बरी नाई का? दोन दिवस झाले, भांडून नाई राह्यली."

"मोजून राह्यली," मी अभिमानानं सांगितलं.

पाचव्या दिवशी बाईंचा वेग निम्म्यावर आला. भाऊजी खांबापाशी आले, यादी वाचली आणि म्हणाले, "वंदना, चालत्या गाडीचं इंजिन काऊन खोलून राह्यली तू?"

"नवीन पद्धतीत सुरुवातीला असं होतेच, भाऊजी."

हे खरंच आहे. माझं तसंच झालं होतं. फक्त माझी सुरुवात होती. बाईंची सुरुवात तीस वर्षांपूर्वी होऊन गेली होती, आणि मी त्यांना हाताला धरून परत तिथं नेऊन बसवत होते.

रविवारी फळीवर चार बायका बसल्या. शेजारची कौशल्या सासूबद्दल तक्रारी करत बांधत होती, म्हणजे बाई एरवी बांधायच्या तशीच. बाई डोळे मिटून ओठ हलवत होत्या. चौथ्या पुडक्याला ग्रामसभेचे अध्यक्ष मायेनं म्हणाले, "सुमनबाई, च्या घेता का?"

बाईंचा गट तुटला. पाचवा होता की सहावा? पुडकं सोडून त्यांनी पहिल्यापासून मोजलं. मग माझ्याकडे एकदा बघितलं, मोजणं सोडलं आणि हातावर भिस्त ठेवून पुढचे दोन बांधले. तपासल्यावर एकात सहासष्ट निघाली, एकात त्र्याहत्तर. कौशल्याचे दहा झाले तेव्हा बाई सातव्यावर होत्या.

"आज बाईची तब्येत बरी नसन," अध्यक्ष म्हणाले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येताना मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

"तू चांगल्यासाठीच केलं," बाई म्हणाल्या. चार पावलं चालून पुन्हा म्हणाल्या, "त्याच्यानंच तं रागावताही येत नाई."

या वर्षी कौशल्या मोहाच्या सावलीत बसून पुडके तपासते. बाई गुडघ्याला फडकं बांधून पहाटे जंगलात जातात. वाघ दूर राहावा म्हणून सगळ्याजणी वाटेवर डबा वाजवतात. दुपारी मांडवात टीव्ही बंद असतो. पहिल्याच आठवड्यात बाईंचे तीन पुडके कौशल्यानं परत पाठवले, तेही मान खाली घालून.

हे कळल्यावर मी रजा टाकून गावी आले. म्हटलं, "बाई, मी शिकवलेलं सगळं सोडा. आधी जसं करत होत्या तसंच करा."

बाईंनी मान वर केली. "आधी कसं करत होती मी?"

हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही. त्या संध्याकाळी मी बाईंना काय काय विसरायचं, याची अकरा मुद्द्यांची यादी करून दिली.

त्यांना ती तोंडपाठ आहे.